घरच्या मोटारदुरुस्तीची पहिली हत्यारे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतःच लिहून दिले.)



ह्या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वानांची व्याख्याने होतात. कोणी संतवाङ्मयावर बोलतात, कोणी ज्ञातीच्या इतिहासावर, कोणी मुलांच्या उच्च शिक्षणावर. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन छत्तीस वर्षे सातवीपर्यंतच्या मुलांना गणित व सामान्य विज्ञान शिकविले आणि निवृत्त झालो. चिटणिसांनी बोलण्याविषयी आज्ञा केली तेव्हा आमच्यापाशी विद्वत्तेचा विषय नव्हता. एक साधा विषय होता, आणि तो मांडावयास थोडी लाजही वाटत होती. घरच्या घरी मोटारीची लहानसहान दुरुस्ती करू पाहणाऱ्या नवशिक्याने पहिली हत्यारे कोणती घ्यावीत, हा तो विषय होय. लाज का वाटत होती, ते ओघात येईलच.

आमच्या लहानपणी आपल्यापैकी कितीजणांच्या दारी मोटार होती? बोटांवर मोजण्याइतक्यांच्याही नसेल. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिली मारुती ८०० गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि मध्यमवर्गीय माणसाला मोटारीचे स्वप्न पडू लागले. त्या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. पण तोवर तिने आपल्यासारख्या पुष्कळ घरांना चार चाकांवर बसविले होते. आज ह्या सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या म्हणजे कौतुक वाटते. परंतु मोटार घरात आली, तशी हत्यारे आली नाहीत. आपल्या वाडवडिलांच्या घरी खंडेनवमीला कोनाड्यातून हत्यारे काढून, पुसून, गंध-फूल वाहून त्यांची पूजा होत असे. आज आपण त्या दिवशी मोटारीला झेंडूचा हार घालतो, आणि पूजेसाठी हत्यार म्हणून स्वयंपाकघरातील सुरी शोधतो. हातात लेखणी आली हे चांगलेच झाले. परंतु त्यासाठी हत्यार खाली ठेवलेच पाहिजे असे काही नव्हते.

प्रथम घरची दुरुस्ती म्हणजे काय, हे ठरवून घेऊ. इंजिन उतरविणे हे आपले काम नव्हे. पंक्चर झालेले चाक बदलणे, हवा तपासणे, बॅटरी पाहणे व बदलणे, दिव्याचा बल्ब, फ्यूज आणि वायपरची रबरी पट्टी बदलणे, हवेची जाळी स्वच्छ करणे किंवा नवी बसविणे, आणि जुन्या पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून पाहणे, एवढी कामे नवशिक्यास पुरेत. ह्या कामांना जे लागते तेवढेच प्रथम घ्यावे. काम आधी आणि हत्यार मागाहून, हा आमचा पहिला नियम. आम्ही स्वतः मात्र ह्याच्या नेमके उलटे केले होते.

आम्ही २००४ साली एक वापरलेली मारुती ८०० घेतली. गाडीपाठोपाठ उत्साहाने एक हत्यारांची पेटीही घेतली. झाकण उघडले की डोळे दिपावेत अशी ती पेटी होती. पाने, गोट्या, पकडी, पेचकस ओळीने मांडलेले, सगळे चकचकीत. मुलांना रंगपेटी मिळाल्यावर जो आनंद होतो, तो आम्हांस वयाच्या पंचेचाळिशीनंतर झाला. पेटीत पन्नासहून अधिक वस्तू होत्या. त्यांपैकी निम्म्या आजवर जागेवरून हललेल्या नाहीत. आणि ज्या वापरल्या त्यांतील काहींचे जबडे पहिल्याच पावसाळ्यात पसरले. एवढे होऊनही त्या पेटीत सर्वांत गरजेची वस्तू नव्हतीच. ती वस्तू कोणती, हे आम्हांस त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत कळले.

ही हकीकत आम्ही ह्यापूर्वी चारचौघांत कधी सांगितली नाही. ज्याच्याविषयी ती आहे त्याची परवानगी घेऊन आज सांगत आहोत.

सुटीला धाकटी बहीण मुलांना घेऊन आली होती. भाचा बारा वर्षांचा, अतिशय चौकस. सकाळी अंगणात गाडी उभी करून आम्ही पुढचे डावे चाक काढले. चाकाचे बोल्ट कसे काढावेत हे त्याला दाखवावे, एवढाच हेतू. रात्री पाऊस पडून गेलेला होता व अंगणातली माती ओली होती. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेला तेलाचा जॅक आम्ही तसाच मातीवर ठेवून गाडी उचलली होती. खाली फळी नाही, बाजूला दुसरा आधार नाही, मागच्या चाकाला दगडसुद्धा लावलेला नाही. इतक्यात एक नट घरंगळत गाडीखाली गेला. “मामा, मी काढतो,” असे म्हणून मुलाने हात आत घातला. आम्ही त्याला अडविले नाही. खरे सांगावयाचे तर, “काढ बाळ,” असे आम्हीच म्हणालो.

जॅक मातीत एका बाजूने रुतला, कलला आणि निसटला. गाडी खाली बसली आणि ब्रेकची लोखंडी चकती त्या मुलाच्या डाव्या हातावर आली. ज्या ओल्या मातीने जॅकला दगा दिला, तिच्यातच हात दाबला गेला म्हणून तो हात राहिला. खाली फरशी असती तर काय झाले असते, ह्याचा विचारही करवत नाही. शेजाऱ्यांनी धावत येऊन गाडी खांद्याने उचलून धरली. दोन बोटांची हाडे मोडली होती. त्यांपैकी अनामिका अजूनही पुरती वळत नाही. आज तो मुलगा नोकरीधंद्याला लागलेला, मुलाबाळांचा गृहस्थ आहे. आम्हांस भेटतो तेव्हा तो हात पाठीमागे ठेवतो. आम्हांस दिसू नये म्हणून ठेवतो, हे आम्हांस कळते.

बहीण त्या दिवशी रागावून बोलली असती तर बरे झाले असते. दवाखान्याच्या बाकावर बसून ती एवढेच म्हणाली, “दादा, तू शाळेत हेच शिकवतोस ना रे?”

होय, आम्ही हेच शिकवीत होतो. वाळूत उंटाचे पाय का रुतत नाहीत, हा प्रश्न आम्ही दरवर्षी वर्गात घालीत असू. पाय पसरट असल्यामुळे भार अधिक क्षेत्रफळावर विभागला जातो, दाब कमी होतो, म्हणून रुतत नाहीत. हे उत्तर न देणाऱ्या मुलास आम्ही बाकावरही उभे केलेले आहे. आणि स्वतः मात्र ओल्या मातीवर वीतभरही नसलेल्या बैठकीचा जॅक ठेवला. मागाहून आम्ही हिशोब मांडून पाहिला. त्या गाडीचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. पुढच्या एका कोपऱ्यावर सुमारे २०० किलो भार धरू. जॅकची बैठक १० सेंटिमीटर लांब व तेवढीच रुंद, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला २ किलो भार पडला. खाली ३० सेंटिमीटर लांब-रुंद जाड फळी असती, तर क्षेत्रफळ ९०० झाले असते आणि दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोपेक्षाही कमी भार आला असता. सुताराच्या दुकानात टाकाऊ म्हणून पडलेला फळीचा एक तुकडा! पन्नास वस्तूंच्या त्या पेटीत तो नव्हता.

गावातले एक मेकॅनिक आमचे जुने विद्यार्थी. शाळेत असताना विज्ञानात त्यांची प्रगती बेताचीच होती. गाडी पाहावयास आले तेव्हा त्यांनी चाकाकडे किंवा चकतीकडे पाहिले नाही, जमिनीकडे पाहिले आणि हळूच विचारले, “सर, जॅकखाली फळी नव्हती का? आणि घोडी कुठाय?” त्या दिवसापासून हत्यारांच्या बाबतीत ते आमचे गुरू झाले. आज जे सांगत आहोत त्यातील पुष्कळसे त्यांच्याकडूनच शिकलेलो आहोत.

तर मंडळी, पहिल्या गटात गाडीला जागेवर धरून ठेवणाऱ्या आणि माणसाला जपणाऱ्या वस्तू येतात. त्या पान्यांच्याही आधी घ्यावयाच्या. एक जाड फळी. चाकाला दोन्ही बाजूंनी लावावयाच्या दोन पाचरी. लाकडी ठोकळेही चालतात. त्या, जे चाक उचलावयाचे त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला लावाव्यात. हातब्रेक ओढला आहे, मग पाचर कशाला, असे कोणी म्हणेल. बहुतेक गाड्यांचा हातब्रेक मागच्या चाकांनाच लागतो. मागचे एक चाक उचलले की त्याचा उपयोग निम्मा होतो, हे ध्यानी असावे. त्यानंतर गाडीला आधार द्यावयाची पोलादी घोडी, जिला बाजारात जॅक स्टँड म्हणतात. ती जोडीने मिळते. आपल्या गाडीच्या भाराला पुरेशी, खुणेवर खटका बसणारी आणि रुंद पायांची अशी घ्यावी.

जॅक आणि घोडी ह्यांतील भेद आम्ही प्रत्येक नवशिक्याकडून पाठ करून घेतो. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. तेलाच्या जॅकमध्ये लहान दट्ट्याने दाबलेले तेल मोठ्या दट्ट्याला वर ढकलते. तो दट्ट्या वर राहतो तो आतल्या रबरी कड्यांच्या जोरावर. कडे झिजले की तेल झिरपते आणि गाडी कळत-नकळत खाली येऊ लागते. गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा जॅक तेलाचा नसतो. परंतु त्याची बैठक लहान असल्यामुळे तो कलू शकतो. चाक बदलण्यापुरता तो ठीक. त्याच्या भरवशावर शरीराचा कोणताही भाग, एक बोटसुद्धा, गाडीखाली नेऊ नये. घोडी मात्र लोखंडावर लोखंड टेकून उभी राहते. तिच्यात झिरपण्यासारखे काही नसते. गाडी उचलावी, पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच घोडी लावावी, जॅक हळूहळू उतरवून भार घोडीवर घ्यावा, बाजूने हलका धक्का देऊन गाडी स्थिर आहे ना ते पाहावे. मग कामाला हात घालावा. हे सर्व सपाट आणि कठीण जमिनीवरच करावे. अंगण उताराचे असेल तर त्या दिवशी ते काम करू नये.

माणसासाठी डोळ्यांवरचा चष्मा, हातमोजे आणि डोक्याला बांधावयाचा दिवा घ्यावा. गाडीखालून गंज व माती नेमकी डोळ्यात पडते. दिवा हातात धरला की एक हात गेला. म्हणून तो कपाळावर असलेला बरा.

दुसरा गट मोजण्याच्या साधनांचा. हवा मोजण्याचे लहान यंत्र खिशात मावते आणि ह्या गटात सर्वाधिक उपयोगी तेच. आपल्या गाडीला किती हवा हवी, हे बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत लिहिलेले असते. हवा मोजावी ती सकाळी, टायर थंड असताना. गाडी चालून आल्यावर मोजली तर आकडा वाढलेला दिसतो. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो टायर आपल्या कायद्यानेही बाद ठरतो. त्या खाचांतच कंपनीने लहान उंचवटे ठेवलेले असतात. रबर झिजून उंचवट्यांच्या पातळीस आले म्हणजे टायर बदलावयाची वेळ झाली. ह्यासाठी हत्यार काहीच लागत नाही. वाकून पाहण्याची तयारी लागते.

ह्याच गटात विजेचा दाब मोजणारा मल्टिमीटर येतो. रात्रभर स्वस्थ उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर साधारण १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या आसपास आली की ती रिकामी होत आलेली समजावी. इंजिन चालू केल्यावर आकडा बहुधा १४ च्या जवळपास जावयास हवा. आमच्या एका शेजाऱ्यांनी वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या आणि तिसरी घ्यावयास निघाले होते. आम्ही मीटर लावून पाहिले तर इंजिन चालू असतानाही आकडा १२ च्या वर सरकेना. दोष बॅटरीचा नव्हता; तिला भरणारे यंत्र, म्हणजे आल्टर्नेटर, काम करीत नव्हते. दोन बॅटऱ्यांच्या पैशांत पुष्कळ मीटर आले असते. अलीकडील काही गाड्यांत संगणक हा दाब गरजेप्रमाणे कमी-अधिक करतो. तेव्हा एकाच आकड्यावर निकाल न देता मेकॅनिकला विचारावे.

आता तिसरा गट, पान्यांचा. नवशिक्याला वाटते, सगळे पाने सारखेच. तसे नाही. तोंड उघडे असलेला फिक्स पाना नटाला केवळ दोन बाजूंनी धरतो. रिंग पाना आणि गोटी नटाला चहूकडून धरतात. म्हणून घट्ट बसलेला नट सोडविताना प्रथम गोटी, ती न गेल्यास रिंग पाना, आणि दोन्ही न जमल्यास फिक्स पाना, असा क्रम ठेवावा. तोंड लहान-मोठे करता येणारा स्क्रू पाना मोटारीसाठी शक्यतो वापरू नये. तो सर्वांना बसतो म्हणून कोणालाच नीट बसत नाही, आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. एकदा कोपरे गेले की पाच मिनिटांच्या कामाला सबंध दिवस लागतो. गोटी घेताना आतून सहा कोनांची घ्यावी. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटावरून लवकर घसरते.

मापे किती घ्यावीत? जपानी वळणाच्या गाड्यांत १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटर ही मापे वारंवार लागतात. इतर गाड्यांत १३, १६ किंवा १८ लागू शकतात. म्हणून सबंध पेटी घेण्याआधी आपल्या गाडीचे बॉनेट उघडून पाहावे, मेकॅनिकला विचारावे आणि जी मापे लागतात ती गाडीच्या पुस्तिकेच्या मलपृष्ठावर पेन्सिलीने लिहून ठेवावीत. पुढे नवे माप लागले की तेवढाच पाना आणावा. सर्वांत अधिक लागतो तो दहाचा पाना, आणि सर्वांत अधिक हरवतोही तोच. तो दोन घ्यावेत, ही सूचना विनोदाने करीत नाही.

गोट्यांना एक खटक्याचा दांडा, म्हणजे रॅचेट, आणि एक लांबवणी घ्यावी. एक सपाट व एक चौफुली टोकाचा पेचकस घ्यावा. बाजारात चौफुलीस ‘स्टार’ म्हणतात. मोटारीत बहुधा दोन नंबरचा लागतो. एक साधी पक्कड, एक निमुळत्या तोंडाची पक्कड, आणि गंज सोडविणाऱ्या तेलाचा एक डबा. आपली गाडी पेट्रोलची आणि जुनी असेल तर प्लगचा पाना. प्लग काढावयाचा तो इंजिन पूर्ण थंड असताना. आणि परत बसविताना पहिले काही आटे हातानेच फिरवावेत. हाताने फिरत नसेल तर तो तिरपा बसतो आहे असे समजावे. पान्याने जोर केला तर आटे मोडतात आणि खर्च इंजिनापर्यंत जातो. नवशिक्याची पेटी येथेच पूर्ण होते.

ह्याच दहाच्या पान्याने पुष्कळ गाड्यांच्या बॅटरीची जोडणी सुटते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. सोडताना ऋण टोक आधी, जोडताना ऋण टोक शेवटी. ह्याचे कारण समजून घेतले तर विसर पडत नाही. गाडीचा सबंध पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. ऋण टोक जोडलेले असताना आपण धन टोकाचा नट सोडू लागलो आणि पाना चुकून पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते आणि पाना लाल होण्याइतका प्रवाह वाहू शकतो. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेणारा आहे, हेही लक्षात ठेवावे. त्यापूर्वी हातातील अंगठी, कडे व घड्याळ काढून ठेवावे.

आता हत्यार पारखावे कसे? स्वस्त पाना आणि चांगला पाना दोघेही चकाकतात. चांगल्या पान्यावर बनविणाऱ्याचे नाव, माप आणि बहुधा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची खूण ठसठशीत उमटविलेली असते. दुकानात जाताना खिशात एक नवा नट न्यावा; पाना त्यावर चढवून पाहावा. खळखळ हलत असेल तर परत ठेवावा. आपल्या नाशिकला, सातपूरमध्ये, टपारियाच्या कारखान्यात हत्यारे बनतात. पंजाबात जालंधर ह्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे चांगल्या मालासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. मुंबईस गेलात तर नागदेवी स्ट्रीटवर एक फेरी मारावी. तेथे पाहण्यातच निम्मे शिक्षण होते. वापरलेला पाना जुन्या बाजारातून घेण्यास हरकत नाही, कारण त्याचे दोष डोळ्यांनी दिसतात. जॅक आणि घोडी मात्र जुनी घेऊ नये. त्यांचे दोष दिसत नाहीत, आणि दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

भगिनींनो, हा विषय केवळ पुरुषांचा आहे असे समजू नका. आमची कन्या पुण्याहून साताऱ्यास येत असता खंबाटकी घाटाच्या अलीकडे तिच्या गाडीचे चाक बसले. तिने गाडी रस्त्यापासून दूर, सपाट जागी घेतली, लाल त्रिकोण मागे बराच अंतरावर ठेवला, मुलांना उतरवून सुरक्षित जागी उभे केले, सगळे रीतसर. परंतु चाकाचे नट काही हलेनात. एका गॅरेजात ते हवेच्या यंत्राने वाजवीपेक्षा फार आवळलेले होते आणि गाडीबरोबरचा व्हील पाना आखूड. शेवटी एका ट्रकचालक बंधूंनी मदत केली. घरी येऊन ती म्हणाली, “बाबा, माझ्यात ताकदच कमी पडली.” आम्ही तिला पाटीवर दाखविले की कमी पडली ती ताकद नव्हे, दांड्याची लांबी. ३० सेंटिमीटरच्या दांड्यावर ३० किलोचा जोर दिला तर जितका पीळ बसतो, तितकाच पीळ ६० सेंटिमीटरच्या दांड्यावर १५ किलोच्या जोराने बसतो. तरफेचा हा नियम आपण सर्वांनी शाळेत घोकलेला आहे. तिच्या गाडीत आता लांब होणाऱ्या दांड्याचा व्हील पाना असतो, आणि ती स्वतः चाक बदलते. नट थोडे सैल करावयाचे ते चाक जमिनीवर असतानाच. मग गाडी उचलावयाची, हेही ती आता इतरांना शिकविते. काही नव्या गाड्यांत जादा चाक नसते, हवेचा पंप आणि छिद्र बुजविणारे औषध असते. आपल्या गाडीत काय आहे ते प्रवासाला निघण्यापूर्वी पाहून ठेवावे.

तीच तरफ आवळताना घात करू शकते. लांब दांड्यावर पूर्ण जोर दिला तर बोल्ट ताणला जातो व पुढे तुटतो; कमी दिला तर चाक सैल होते. म्हणून ठराविक पीळ बसला की खट् असा आवाज करणारा टॉर्क पाना असतो. लहान गाड्यांच्या चाकाच्या नटांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर पीळ लागतो. नेमका आकडा आपल्या पुस्तिकेत पाहावा. नट समोरासमोरचे, क्रमाने आवळावेत आणि थोडा प्रवास झाल्यावर एकदा पुन्हा तपासावेत.

ज्यासाठी हत्यार घेऊच नये अशीही कामे आहेत. ब्रेक उघडणे, सुकाणूच्या चाकातील हवेची पिशवी, चाकावरील दाबलेली स्प्रिंग, पेट्रोलची नळी, थंड हवेच्या यंत्रातील वायू, आणि विजेच्या गाड्यांतील नारिंगी रंगाच्या तारा, ही सगळी जाणत्यांची कामे होत. त्या नारिंगी तारांत शेकडो व्होल्टचा दाब असतो. तेथे चुकीला दुसरी संधी नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे तर सर्वांस ठाऊक आहे. तरी घाईच्या वेळी विसरले जाते. आपण घरी थोडे काम करू लागलो म्हणून मेकॅनिकची गरज संपत नाही. उलट, त्यांच्या कामाची किंमत आपल्याला प्रथमच कळू लागते. आमचे ते जुने विद्यार्थी बिल देतात तेव्हा आता आम्ही घासाघीस करीत नाही.

शेवटी एक सूचना मंडळापुढे ठेवून आम्ही रजा घेतो. घोडीची जोडी, टॉर्क पाना आणि मल्टिमीटर ह्या वस्तू एका घरात वर्षातून दोन-चार वेळाच लागतात. प्रत्येकाने त्या विकत घेतल्याच पाहिजेत असे नाही. पण विकत घेतल्या नाहीत म्हणून त्यांच्यावाचून कोणी काम करावे, हे मात्र होऊ नये. आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात पुस्तके नेण्या-आणण्याची वही आहे. तिच्याच शेजारी हत्यारांची एक वही ठेवावी. ज्यास लागेल त्याने सही करून न्यावे व आठ दिवसांत पुसून परत आणावे. प्रारंभ म्हणून दोन घोड्या, चार पाचरी आणि एक जाड फळी आम्ही आज चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहोत. ती फळी आमच्या भाच्याने स्वतः कापून, रंधा मारून दिली आहे. व्याख्यान अमुक दिवशी आहे असे त्यास कळविले तेव्हा तो म्हणाला, “मामा, बाकी काही सांगितलं नाहीत तरी चालेल. फळीचं तेवढं सांगा.”

ते आम्ही सांगितले. पुढील खंडेनवमीस आपापल्या घरी गाडीला हार घालाल, तेव्हा त्या फळीलाही एक फूल वाहावे, एवढी विनंती करून, आम्ही खाली बसतो.